मरेक्समधून वाचलेल्या कोंबड्यांपासून पैदास केली, तर रोगाला दाद न देणारा कळप तयार होतो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लस न देता ६० पिल्लं वाढवली. दहाव्या ते अठराव्या आठवड्यात त्यातली १२ दगावली. बहुतेकांचे पाय लुळे पडले होते, एक पाय पुढे आणि एक मागे. हा मरेक्स, म्हणजे कोंबड्यांत गाठी आणि लुळेपणा आणणारा विषाणूचा आजार, असं तुम्ही धरलंत. उरलेल्या ४८ मध्ये एक नर असा आहे की त्याला काहीच झालं नाही. आता तुम्ही विचारता: या नराखाली वाचलेल्याच माद्या ठेवून, पुढेही लस न देता, दोन-तीन पिढ्यांत मरेक्स न होणारा कळप करता येईल का? की एखाद्या जुन्या, काटक जातीचा नर आणावा?

रोगाला तोंड देण्याची ताकद रक्तातून उतरते, यात शंका नाही. मरेक्सच्या बाबतीत तर ती फारच ठळकपणे उतरते. पण तुम्ही धरलेल्या वाटेने ती कळपात येणार नाही, आणि एका परिस्थितीत तर हीच वाट उलटा घात करेल. तो धोका आधी सांगतो.

मेलेल्यांपैकी एकाही पक्ष्याचं शवविच्छेदन केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पाय लुळे पडणं हे मरेक्सचं नेहमीचं लक्षण आहे, पण यकृतात किंवा प्लीहेत गाठी दिसल्या तर तो लिम्फॉइड ल्यूकोसिसही असू शकतो. दोन्ही आजार विषाणूंचे, दोन्हींत गाठी होतात, आणि कित्येक वर्षं शास्त्रज्ञही त्यांना एकच समजत होते. ढोबळ फरक असा: मरेक्स सहाव्या-आठव्या आठवड्यापासून दिसू शकतो आणि मांडीतली जाड नस (मज्जातंतू) सुजते, एका बाजूची दुसरीपेक्षा दुप्पट जाड दिसते. ल्यूकोसिस सहसा चौदाव्या आठवड्यानंतर उघड होतो, नसा सुजत नाहीत, आणि गुदद्वाराच्या वर असलेल्या बर्सा नावाच्या पिशवीत गाठी सापडतात.

हा फरक पैदाशीच्या दृष्टीने जीवन-मरणाचा आहे. मरेक्सचा विषाणू अंड्यातून पिल्लात जात नाही. तो पिसांच्या मुळांशी तयार होतो, कोंड्यातून झडतो आणि धुळीत महिनोन् महिने टिकतो. ल्यूकोसिसचा विषाणू मात्र आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात जातो. अशी आई धडधाकट दिसते, अंडीही देते. ल्यूकोसिस असताना ‘वाचलेल्या’ माद्यांपासून पिल्लं काढली, तर प्रतिकार नाही, रोगच वारशाने दिला जाईल. साल्मोनेला पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूंचंही असंच आहे. बऱ्या झालेल्या कोंबड्या आयुष्यभर जंतू बाळगतात आणि अंड्यातून देतात. या तीन रोगांत वाचलेला पक्षी पैदाशीला ठेवू नये, तो काढूनच टाकावा. म्हणून पुढचा एखादा पक्षी गेला तर तो पुरू नका, तपासणीला द्या.

आता तो मरेक्सच होता असं धरून पुढे जातो.

१९०७ मध्ये हंगेरीतल्या योझेफ मारेक या पशुवैद्याने लुळ्या पडलेल्या कोंबड्यांची नोंद केली आणि त्याच्यावरून आजाराला नाव पडलं. लस आली १९७० च्या सुमारास. मधली साठेक वर्षं पैदासकारांच्या हातात निवडीशिवाय दुसरं हत्यारच नव्हतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात फ्रेडरिक हट आणि रँडल कोल यांनी १९३५ पासून हे काम केलं. तेव्हा मरेक्स आणि ल्यूकोसिस वेगळे आहेत हेही ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी निवडीच्या जोरावर कमी मर असलेले कळप उभे केले. पुढे कोल यांनी एकाच मिश्र कळपातून दोन शाखा काढल्या, एक मरेक्सला तोंड देणारी आणि एक बळी पडणारी. मोजक्या पिढ्यांतच पहिल्या शाखेत तुरळक पक्षी मरू लागले आणि दुसऱ्या शाखेत बहुतेक सगळे. मूळ रक्त एक, विषाणू एक, खुराडं एक, आणि निकालात एवढी तफावत! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे पुन्हा पुन्हा पाहिले होते.

पण कोल यांनी ‘वाचलेले ठेवा’ असं केलं नाही. त्यांनी पिल्लांना मुद्दाम, एकाच वयात विषाणू दिला, आणि कोणत्या नर-माद्यांची पिल्लं तगली हे पाहून त्या आई-बापांना निवडलं. सगळी किमया या पद्धतीत आहे.

तुमच्या ४८ पक्ष्यांना काय काय वाचवू शकतं ते पाहा. ज्या आईच्या अंगात प्रतिपिंडं भरपूर, तिच्या पिल्लाला बलकातून पहिले तीनेक आठवडे संरक्षण मिळतं. हे आईचं दूध पाजल्यासारखं आहे, पुढच्या पिढीत उतरत नाही. एखाद्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात धूळ कमी लागली, विषाणू उशिरा भेटला, तर वयामुळेच ते पिल्लू तरून जातं. शिवाय मरेक्स माद्यांना नरांपेक्षा जास्त आणि लवकर होतो. म्हणजे तुमचा तो देखणा नर वाचला, त्यात त्याच्या नर असण्याचा वाटा किती आणि जनुकांचा किती, हे त्याच्याकडे पाहून सांगताच येणार नाही.

थोडा हिशेब करू. पक्ष्या-पक्ष्यांतल्या फरकाचा जो भाग आई-बापांकडून पिल्लांत उतरतो, त्याला आमच्या कामात हेरिटॅबिलिटी म्हणतात. हिशेबापुरती ती ०.१ धरा, म्हणजे दहातला एक भाग. तुमची मर २० टक्के आहे. वाचलेले सगळे ८० टक्के पक्षी पुढे पैदाशीला ठेवले, तर निवड इतकी सैल होते की पुढच्या पिढीत मर २० वरून जेमतेम १९ टक्क्यांवर येईल. साठ पिल्लांच्या तुकडीत हा फरक दिसणारसुद्धा नाही, नशिबाची चढउतार त्याहून मोठी असते. दोन-तीन पिढ्या सोडाच, दहा पिढ्यांनीही तुम्ही म्हणता तसा कळप होणार नाही.

आता दुसरी बाजू. त्याच हेरिटॅबिलिटीत, नर स्वतः जगला यावरून त्याच्या जनुकांचा जो अंदाज बांधता येतो त्याची अचूकता (१ म्हणजे पूर्ण अचूक) ०.३ च्या आसपास असते. त्याच नराची वेगवेगळ्या माद्यांपासूनची ३० पिल्लं एकत्र वाढवून किती तगली हे मोजलं, तर ती ०.६५ च्या पुढे जाते. पक्षी तोच, खर्च एका उबवणीचा, आणि माहिती दुपटीहून जास्त. म्हणून मी नराला विचारत नाही, त्याच्या पिल्लांना विचारतो. अनेक कळपांच्या नोंदी मी चाळल्या आहेत. जिथे बाप लिहून ठेवलेला असतो तिथे मर क्वचितच सारखी पसरलेली दिसते, एका-दोन नरांच्या पिल्लांवर ती गोळा होते. नोंद नसेल तर सगळ्यांवर सारखाच घाला पडला असं वाटतं.

मग ही ताकद असते कुठे? १९५० मध्ये ब्राइल्स आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांच्या रक्तगटांवर काम करताना ‘बी’ नावाच्या गटाचं वर्णन केलं. पुढे कळलं की तो नुसता रक्तगट नाही. शरीर आपलं कोण आणि परकं कोण हे ज्या जनुकांच्या मदतीने ओळखतं, त्या एमएचसी जनुकांचा तो समूह आहे, आणि सोळाव्या गुणसूत्रावर बसलेला आहे. पेशीत विषाणू शिरला की त्याच्या प्रथिनांचे तुकडे हे एमएचसी रेणू पेशीच्या पृष्ठभागावर आणून धरतात, जणू दारावर पाटी लावतात. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी ती पाटी वाचतात आणि ती पेशी मारतात.

माणसात हा भाग अवाढव्य आहे, शेकडो जनुकांचा. कोंबडीत त्याचा गाभा अगदी छोटा आहे. १९९९ मध्ये जिम कॉफमन आणि सहकाऱ्यांनी तो वाचला तेव्हा डीएनएच्या ९२ हजार अक्षरांत फक्त १९ जनुकं निघाली. त्यातही अशी पाटी धरणारा वर्ग-एकचा एकच रेणू भरपूर प्रमाणात तयार होतो. माणसाकडे असे अनेक रेणू असतात, एकाने तुकडा पकडला नाही तर दुसरा पकडतो. कोंबडीची सगळी भिस्त त्या एकावर. तो रेणू एखाद्या विषाणूचा तुकडा नीट धरू शकला तर कोंबडी वाचते, नाही धरू शकला तर दुसरी संधी नाही. म्हणूनच रक्तगट आणि रोग यांचं नातं कोंबडीत जेवढं उघड दिसतं, तेवढं आपल्यात दिसत नाही.

कोल यांच्या शाखा तपासल्या तेव्हा हेच निघालं. १९७७ च्या त्या कामात तोंड देणाऱ्या शाखेत बी-२१ हा प्रकार सापडला आणि बळी पडणाऱ्या शाखेत बी-१९. बी-२१ चा वर्ग-एक रेणू नाना आकारांचे तुकडे धरू शकतो. बी-१९ सारखे प्रकार ठरावीकच तुकडे धरतात. विशेष म्हणजे बी-२१ चे रेणू पेशीवर संख्येने कमी असतात आणि तरी तोच प्रकार मरेक्समध्ये भारी ठरतो. संख्येपेक्षा पकडीचा आवाका मोठा.

हे वाचून कुणी म्हणेल, मग रक्त तपासून बी-२१ वालेच ठेवू. मोठ्या पैदास कंपन्यांनी अशी रक्तगट तपासणी वापरलीही आहे. पण दोन गोष्टी आडव्या येतात. मिशिगनमधल्या ईस्ट लॅन्सिंगच्या सरकारी प्रयोगशाळेत ‘६’ आणि ‘७’ नावाच्या दोन शाखा पिढ्यान् पिढ्या जपल्या आहेत. दोन्हींचा बी-प्रकार एकच, बी-२. तरीही ६ मरेक्सला तोंड देते आणि ७ कोलमडते. म्हणजे बी-समूहाबाहेरही अनेक जनुकं काम करतात, प्रत्येकाचा वाटा लहान, आणि ती रक्तगटात दिसत नाहीत. आपल्या पिल्लांची नोंद मात्र ती सगळी एकदम मोजते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द आपण असा वापरतो, जणू ती अंगातली एकच टाकी आहे, भरलेली किंवा रिकामी. तसं नसतं. व्हर्जिनियात सीगल आणि ग्रॉस यांनी मेंढीच्या रक्तपेशी टोचून, जास्त प्रतिपिंडं बनवणारे आणि कमी बनवणारे, असे दोन कळप निवडीने तयार केले. जास्त प्रतिपिंडांचा कळप विषाणूंपुढे चांगला टिकला, पण ई-कोलाय आणि स्टॅफिलोकोकस या जिवाणूंपुढे कमी प्रतिपिंडांचाच कळप सरस ठरला, आणि वजनातही तोच भारी निघाला. एका रोगासाठी निवड करताना दुसरं काहीतरी हातचं जातं, आणि काय गेलं हे नोंद ठेवल्याशिवाय कळत नाही. वाढ, अंडी आणि मर, तिन्हीचे आकडे एकाच वहीत हवेत.

ल्यूकोसिसमध्ये मात्र जनुकशास्त्र आरशासारखं स्वच्छ आहे, म्हणून थोडं त्याबद्दल. तिथे विषाणूला पेशीत शिरायला ठरावीक कुलूप लागतं. विषाणूच्या ए, बी, सी उपगटांसाठी टीव्हीए, टीव्हीबी, टीव्हीसी ही जनुकं ती कुलपं बनवतात. दोन्ही पालकांकडून बिघडलेलं जनुक आलं तर कुलूपच नाही, आणि विषाणू त्या पेशीत शिरूच शकत नाही. इथे ताकद कमी-जास्त असा प्रकार नाही, आहे किंवा नाही. १९८८ मध्ये मांसल कोंबड्यांत सापडलेला ‘जे’ (J) उपगट नव्वदच्या दशकात पैदास कळपांना फार महागात पडला. त्याचं कुलूप एनएचई-१ या प्रथिनावर आहे, आणि त्यातल्या ३८ व्या जागेवरचं ट्रिप्टोफॅन हे एक अमिनो आम्ल काढलं की विषाणूला पकड मिळत नाही. २०२० मध्ये प्रागच्या शास्त्रज्ञांनी जनुक-संपादनाने नेमकं तेवढंच काढलेल्या कोंबड्या तयार केल्या. त्या वाढल्या, आणि ‘जे’ उपगटाला बळी पडल्या नाहीत.

याच आजाराची आणखी एक गोष्ट पैदासकाराने विसरू नये. एक दिवसाच्या पिल्लांचं लिंग पंखाच्या पिसांवरून ओळखता यावं म्हणून उशिरा पिसं फुटणाऱ्या माद्या आई म्हणून वापरतात. हा गुण झेड या लिंग-गुणसूत्रावर आहे आणि त्याला चिकटूनच ईव्ही-२१ नावाचा एक जुना विषाणू जनुकांत रुतून बसलेला आहे. अशा आईकडून तो विषाणू पिल्लांत उतरतो, त्यांचं शरीर त्याला आपलाच समजू लागतं, आणि पुढे खरा ल्यूकोसिस आला की पिल्लं त्याच्याशी नीट लढत नाहीत. सोयीसाठी निवडलेल्या पिसांच्या गुणाबरोबर रोगाला दार उघडलं गेलं.

आता जुन्या जातीच्या नराबद्दल. इजिप्तची फायूमी ही यातली सगळ्यात जास्त अभ्यासलेली जात. न्यूकॅसल, म्हणजे मानमोडीचा सौम्य विषाणू देऊन लेगहॉर्न या अंड्यांसाठीच्या जातीशी तुलना केली तेव्हा फायूमीच्या अंगात विषाणू कमी सापडला. म्हणजे ‘जुनी जात काटक’ हे बोलणं पोकळ नाही. पण मानमोडीचा जहाल विषाणू आला की लस न दिलेल्या परसातल्या जुन्या जातीही धडाधड मरतात. जात ज्या रोगांत पिढ्यान् पिढ्या वाढली त्यांनाच ती सरावलेली असते. बर्ड फ्लूत तर आशाच ठेवू नये. बदकांकडे असणारं रिग-आय नावाचं पहारेकरी जनुक कोंबड्यांत नाहीच, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं, आणि मग कोणत्या जातीत शोधणार? तिथे लोक एएनपी-३२-ए या, विषाणूला पेशीत वाढायला लागणाऱ्या जनुकाच्या संपादनाकडे वळले आहेत. २०२३ च्या एडिंबराच्या प्रयोगात अशा १० पैकी ९ पक्ष्यांना नेहमीच्या मात्रेत लागण झाली नाही, पण हजारपट मात्रेत निम्म्यांना झाली आणि विषाणूने स्वतःत बदलही केले. एकच दार बंद केलं तर विषाणू दुसरं शोधतो.

तेव्हा जुन्या जातीचा नर आणायचा तर आणा, नवं रक्त नेहमीच उपयोगी. पण त्याला महिनाभर वेगळं ठेवा, ल्यूकोसिस, पुलोरम आणि मायकोप्लाझ्मासाठी तपासा, आणि त्याचीही परीक्षा पिल्लांवरूनच घ्या.

लस न देण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे. मरेक्सची लस गाठी रोखते, संसर्ग रोखत नाही. लस घेतलेला पक्षीही विषाणू झाडत राहतो. २०१५ मध्ये अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अतिजहाल विषाणू लस न दिलेल्या पक्ष्याला इतक्या लवकर मारतो की त्याला पसरायला वेळ मिळत नाही, पण लस घेतलेल्या पक्ष्यात तो आठवडेच्या आठवडे जगतो आणि पसरतो. काही लोक हे वाचून लस सोडतात. मी नेमकं उलटं म्हणतो: असा जहाल विषाणू आसपास असताना लस न दिलेलं पिल्लू म्हणजे मरायला सोडलेलं पिल्लू. आणि जनुकांनी मिळालेली ताकदही याच प्रकारची आहे. तोंड देणारे पक्षी विषाणू कमी झाडतात, पण झाडतातच. तुमचा धडधाकट नर आज या क्षणी धुळीत विषाणू सोडत असेल.

शिवाय लस आणि जनुकं एकमेकांच्या आड येत नाहीत. वेगवेगळ्या बी-प्रकारांच्या पक्ष्यांना वेगवेगळ्या लशींचा कमी-जास्त फायदा होतो, म्हणून लस दिलेल्या पिल्लांतही बापागणिक फरक दिसतो आणि निवड करता येते. लस पहिल्याच दिवशी द्या, आणि ती अंगी लागायला आठवडाभर लागतो म्हणून पिल्लं निदान तीन-चार आठवडे मोठ्यांच्या धुळीपासून दूर, वेगळ्या हवेत वाढवा.

राहिला तो एकच नर. एक नर आणि १२ माद्या ठेवल्या तर जनुकांच्या हिशेबाने तुमचा कळप चार पक्ष्यांएवढाही भरत नाही, आणि एका पिढीत अंतःप्रजनन १३ टक्क्यांच्या वर वाढतं. त्याच १२ माद्यांबरोबर चार नर ठेवले तर ते सव्वाचार टक्क्यांच्या आत राहतं. अंतःप्रजननात उबवण घटते, पिल्लं कमजोर होतात, आणि बी-समूहाचा एकच प्रकार सगळ्यांच्या अंगी भिनतो. मग मरेक्स नाही, तर दुसराच एखादा रोग सगळ्या कळपाला एकदम धरतो.

म्हणून चार नर घ्या, शक्यतो वेगवेगळ्या आयांचे, आणि तो आवडता नर त्यातला एक असू द्या. माद्यांचे चार गट करा, प्रत्येकात एक नर. आधी माद्या दुसऱ्या नराबरोबर असतील तर तीन आठवडे थांबून मगच उबवायला अंडी घ्या, कारण जुन्या नराचं बीज तितके दिवस टिकतं. अंड्यावर पेन्सिलने गटाचा आकडा लिहा, इन्क्युबेटरमध्ये शेवटचे तीन दिवस प्रत्येक गटाची अंडी जाळीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि पिल्लू बाहेर येताच पंखाला बँड लावा. मग चारही गटांची पिल्लं एकत्रच वाढवा, म्हणजे धूळ सगळ्यांना सारखी. नर-मादी वेगळे मोजा. मेलेलं प्रत्येक पिल्लू उघडून पाहा आणि बँडचा आकडा, वय आणि कारण लिहा. चिरडून मेलेलं पिल्लू मरेक्सच्या खात्यात जाता कामा नये.

दर नरामागे ३० पिल्लं म्हणजे एकूण १२०. तुमच्या खुराड्यात एका वेळी मावत नसतील तर दोन उबवण्यांत करा, पण दोन्ही वेळा चारही नरांची पिल्लं हवीत. पिल्लं २४ आठवड्यांची होईपर्यंत चारही नर जिवंत ठेवा, कुणालाही विकू नका. निकाल हातात येईल तेव्हा ज्या नराची पिल्लं सगळ्यात जास्त तगली, त्याच्या मुली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या नराचे मुलगे यांच्यापासून पुढची पिढी काढा.